धान्यातले भुंगेरे आणि त्यांना न मारण्याचा प्रयत्न

आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात मुगाचा डबा उघडला, तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला दहा-बारा तपकिरी भुंगेरे चालत होते आणि वरच्या थरातल्या कित्येक दाण्यांना मोहरीएवढी गोल, रेखीव भोके पडलेली होती. चैत्रात वर्षाचे धान्य भरले होते, म्हणजे जेमतेम तीन महिने झाले होते. पुण्यात आमच्या दोन खोल्यांच्या घरात धान्य ठेवायला जागा थोडी आहे. तरीही माहेरची सवय सुटत नाही म्हणून मी दरवर्षी गहू, ज्वारी, तांदूळ आणि कडधान्ये उन्हाळ्यात एकदम घेते. त्यामुळे हे किडे माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याशी कसे वागायचे हे मात्र मला बऱ्याच उशिरा समजले, आणि तेच येथे सविस्तर लिहून ठेवावे असे वाटते.

सहा वर्षांपूर्वी अशाच पावसाळ्यात तांदळाच्या पिंपाभोवती सोंडे फिरू लागले, तेव्हा मी दुकानातून किडे मारण्याचा फवारा आणून फडताळाच्या सगळ्या कोपऱ्यांत मारला होता. काम झटकन उरकेल असे वाटले होते, पण तसे झाले नाही. दुपारी फवारलेले सोंडे संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळीही पाठीवर पडून पाय हलवत होते. मी केरसुणी घेऊन त्यांच्यासमोर बराच वेळ बसून राहिले होते. आपल्या तांदळाचा एक दाणा आतून पोखरून खाल्ला यापलीकडे त्या तीळभर जिवाने काही केलेले नव्हते. किड्यांना आपल्यासारख्या वेदना होतात की नाही याबद्दल शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. पण ज्याची खात्री नाही, तिथे आपण क्रूरपणा टाळावा एवढे मला पुरेसे वाटते. शिवाय तो फवारा अन्नाच्या डब्यांवरही बसला होता, म्हणून वरची दोन भांडी आणि उघड्या बरणीतले पोहे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून घरात फवारा आणलेला नाही.

किडा कोणता आहे हे आधी ओळखावे, कारण प्रत्येकाची रीत वेगळी असते. तांदळात, गव्हात आणि ज्वारीत दिसतो तो सोंड्या; काही घरांत त्याला टोका किंवा पोरकिडा म्हणतात. त्याची लांबी साधारण तीन मिलिमीटर असते, तोंड सोंडेसारखे पुढे आलेले असते आणि पाठीवर फिकट तांबूस असे चार ठिपके असतात. मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एकच अंडे घालते आणि चिकट स्रावाने ते भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोष करते आणि चार-पाच आठवड्यांनी पूर्ण वाढलेला सोंड्या दाणा फोडून बाहेर येतो. तोपर्यंत दाणा वरून जवळपास धडधाकट दिसतो. सोंड्याला बोट लावले की तो पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो. हे सोंग मी अनेकदा पाहिले आहे. सुपात तो एखाद्या काळपट कणीसारखा घरंगळत राहतो, पण सूप खाली ठेवून मिनिट-दोन मिनिटे शांत राहिले, तर आधी मिशा हलतात, मग एकेक पाय सुटा होतो आणि तो सुपाच्या कडेकडे चालू लागतो.

कडधान्यातला भुंगेरा याहून वेगळा असतो. तो आखूड आणि फुगीर असतो, आणि त्याला सोंड नसते. त्याची मादी दाण्याच्या सालीवरच अंडी चिकटवते. मुगावर, चवळीवर किंवा मटकीवर खसखशीसारखे पांढरे ठिपके दिसले तर ती त्याची अंडी असतात. अंड्याच्या तळातूनच अळी थेट दाण्यात शिरते. भुंगेरा बाहेर पडण्याआधी दाण्याच्या सालीवर एक गोल, धूसर खिडकी दिसू लागते, कारण आतून सगळे खाऊन झालेले असते आणि केवळ पापुद्रा उरलेला असतो. माझ्या मुगात अशा खिडक्या असलेले दाणे भिंगाखाली धरून पाहिले, तेव्हा एका दाण्यात पापुद्र्यामागे काहीतरी काळसर हलत होते. बाहेर पडलेला भुंगेरा आपल्या धान्याला पुन्हा तोंडही लावत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर त्याला खाण्याची गरज नसते, त्याचे आयुष्य उणेपुरे दोन आठवड्यांचे असते आणि तो ते जोडीदार शोधण्यात व अंडी घालण्यात घालवतो. हे कळल्यापासून झाकणावर धावणाऱ्या त्या भुंगेऱ्यांकडे मी चोर म्हणून पाहत नाही.

किडे झाले म्हणजे घर अस्वच्छ, असा एक समज आपल्याकडे आहे आणि त्यापायी बायका उगाच ओशाळतात. कडधान्यातला भुंगेरा पुष्कळदा शेतातूनच येतो. शेंगा पिकत आल्या की मादी शेंगांवर अंडी घालते आणि मळणीनंतर अळ्या दाण्यांतूनच पोत्यात, दुकानात आणि आपल्या घरात पोहोचतात. म्हणजे आपण धान्य विकत घेतो तेव्हाच ते आपल्या सोबत आलेले असतात. त्यांना वाढू द्यायचे की नाही, हे मात्र धान्यातल्या ओलाव्यावर आणि घरातल्या उबेवर ठरते. पावसाळ्यात दोन्ही मुबलक असतात.

आमच्या सांगलीकडच्या घरात आजी धान्याला ऊन दाखवायची, आणि त्या वेळी तिच्या तोंडी एकच वाक्य असायचे, ‘‘मारू नकोस गं, ऊन लागलं की आपली वाट आपणच धरतात.’’ लहानपणी मला ते केवळ तिच्या मायाळू स्वभावाचे बोलणे वाटे. पुढे स्वतः करून पाहिले, तेव्हा त्यात केवढे निरीक्षण आहे हे कळले. भुंगेऱ्यांना ऊन आणि उजेड दोन्ही नकोसे असतात. धान्य पातळ पसरले की ते वरून खाली आणि मग कडेकडे सरकतात. परंतु ऊन कोणते, याला महत्त्व आहे. भर दुपारी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर धान्य ओतले, तर भुंगेऱ्यांना पळायला अवधीच मिळत नाही, ते जागच्या जागी मरतात. म्हणून मी सकाळी नऊच्या सुमारास जुने सुती लुगडे दुहेरी अंथरते आणि त्यावर धान्य बोटाच्या एका पेराहून जाड होणार नाही असे पसरते. लुगड्याच्या सावलीकडच्या कडेला गोणपाटाची ओलसर, सैल घडी ठेवते. दर पंधरा मिनिटांनी हात फिरवला की खालचे भुंगेरे वर येतात आणि चालू लागतात. तासाभरात बरेचसे त्या घडीत जाऊन बसतात. मग ती घडी अलगद उचलून इमारतीच्या मागच्या झाडाखालच्या पाचोळ्यावर झटकायची. असे दोन-तीनदा करावे लागते. सगळे निघाले असे वाटल्यावरच धान्याला दुपारचे कडक ऊन दाखवावे.

तांदळाला मात्र कडक ऊन चालत नाही, तो तडकतो आणि शिजताना त्याची कणी होते. तांदूळ हवेशीर सावलीत पसरून, चाळून आणि पाखडून घ्यावा. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नसतो, तेव्हाही चाळणीच कामी येते. गव्हाची चाळणी परातीवर धरून हलक्या हाताने चाळले की भुंगेरे खाली पडतात. सोंडे परातीची कड चढून बाहेर येतात, म्हणून मी आधी परातीच्या काठाशी एक जाडसर कागद टेकवून ठेवते आणि ते त्यावर चढले की कागदासकट त्यांना बाहेर नेते. पिठातले आणि रव्यातले तांबडे भुंगेरे याउलट गुळगुळीत काचेवर चढू शकत नाहीत, त्यामुळे ते स्वच्छ, कोरड्या काचेच्या वाडग्यात गोळा केले तर तिथेच थांबतात. पिठात ते फार झाले असतील तर पिठाला उग्र वास येतो आणि रंगही थोडा गुलाबट होतो, कारण त्यांच्या अंगातून तशी द्रव्ये पाझरतात. असे पीठ माणसांनी किंवा जनावरांनी खाऊ नये, ते मातीत पुरून टाकावे.

येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. चालणारे भुंगेरे आपण वाचवू शकतो, परंतु दाण्याच्या आत असलेल्या अळ्यांना बाहेर काढण्याचा कोणताही उपाय नाही. मुगाच्या त्या डब्यात खिडक्या पडलेले आणि अंडी चिकटलेले दाणे मी दोन दुपारी बसून वेचले. साधारण पाऊण किलो निघाले. ते मी मागच्या आवारात, भाज्यांच्या वाफ्यांपासून दूर, पाचोळ्याखाली पसरले. त्यांतले काही भुंगेरे बाहेर पडले असतील, बरेचसे दाणे मुंग्यांनी, चिमण्यांनी आणि साळुंक्यांनी खाल्ले असतील. पाखराने भुंगेरा खाल्ला तर ते त्याचे अन्न आहे, आणि त्याबद्दल मला दुःख वाटत नाही. कोणाला हाही भेद पोकळ वाटेल. माझ्या मनाला मात्र विष घालून तडफडत ठेवणे आणि ज्या जगात तो किडा जन्मतो त्या जगात त्याला परत सोडणे, या दोन्ही गोष्टी सारख्या वाटत नाहीत. एक काळजी आवर्जून घ्यावी: कडधान्याचे भुंगेरे उडू शकतात, म्हणून त्यांना शेताजवळ, कोणाच्या परसातल्या वालाच्या वेलाजवळ किंवा किराणा दुकानाशेजारी सोडू नये.

दयेचा खरा भाग किडा जन्मण्याआधी येतो, असे आता माझे मत झाले आहे. जो भुंगेरा जन्मलाच नाही, त्याला मारण्याचा किंवा सोडण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून धान्य भरतानाच ते पुरेसे वाळलेले आहे ना, हे पाहावे. दाणा दाताखाली धरला की कट् असा आवाज आला पाहिजे. दबला किंवा चिवट लागला तर अजून ऊन द्यावे. ऊन दाखवलेले धान्य रात्रभर गार होऊ देऊन मगच डब्यात भरावे, नाहीतर डब्याच्या आतल्या बाजूला वाफ धरते आणि आपणच ओलावा कोंडतो. जुन्या धान्यावर नवे ओतू नये. रिकामा झालेला डबा धुऊन, त्याच्या झाकणाची खाच जुन्या ब्रशने साफ करून कडक उन्हात ठेवावा, कारण मागच्या वर्षीचे किडे बहुधा त्या खाचेतच दडलेले असतात. गोणी जमिनीला किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये, खाली लाकडी फळी असावी.

कडधान्ये सालासकट ठेवण्याऐवजी त्यांची डाळ करून ठेवली तर भुंगेरे फारसे होत नाहीत. आपल्या जुन्या घरांत तूर आल्याबरोबर डाळ करून ठेवण्याची घाई असे, तिचे एक कारण हेही असावे. उसळीसाठी आख्खी कडधान्ये ठेवायची असतील तर एरंडेल तेलाचा हात लावावा. किलोमागे एक लहान चमचा तेल पुरते, मात्र ते प्रत्येक दाण्याला लागेल असे निगुतीने चोळावे लागते. तेलाच्या पातळ थरामुळे मादीला अंडी नीट चिकटवता येत नाहीत आणि चिकटवलेली अंडीही गुदमरून वाढत नाहीत. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर तो सावलीत पूर्ण वाळवून घालावा. मी एकदा घाईने ओला पाला घातला होता आणि ज्वारीला बुरशी आली. किड्यांनी केले नसते एवढे नुकसान माझ्याच हाताने झाले.

चुलीतली राख किंवा लाल माती लावण्याची पद्धत जुनी आहे आणि ती परिणामकारकही आहे. पण तिला निरुपद्रवी म्हणणे बरोबर नाही. राखेचे बारीक कण भुंगेऱ्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडतात, त्याच्या शरीरातले पाणी उडून जाते आणि तो वाळून मरतो. किडे आधीच झालेल्या धान्याला म्हणूनच मी राख लावत नाही. चाळून स्वच्छ केलेल्या धान्याला सुरुवातीलाच लावली तर गोष्ट वेगळी.

शहरातल्या छोट्या कुटुंबांना सर्वांत सोपा आणि सर्वांत सौम्य उपाय फ्रिज हा आहे. साधारण पंधरा अंशांखाली हे भुंगेरे वाढत नाहीत, अंडी घालत नाहीत, जणू सगळे थांबून राहते. महिनाभर पुरेल एवढेच कडधान्य आणून बंद डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले, तर पावसाळाभर त्यात नवे भुंगेरे होत नाहीत, असा माझा तीन वर्षांचा अनुभव आहे. बर्फाच्या कप्प्यात उणे अठरा अंशांत आठवडाभर धान्य ठेवले तर अंडी आणि अळ्या मरतात. हे मारणेच आहे, आणि मी ते नाकारत नाही. तरी थंडीत किडा आधी सुस्त आणि निश्चल होतो, विषासारखा तासन् तास तडफडत नाही. धान्य आणल्याच्या दिवशीच तसे ठेवले तर आत अंड्यांपलीकडे फारसे काही नसते. दुसरा उपाय नसेल तेव्हा मी तो करते.

विषाबद्दल मात्र मला कडक शब्दांत लिहायचे आहे. काही घरांत अजूनही धान्याच्या पोत्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या जातात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो बंद घरात झोपलेल्या माणसांचाही जीव घेतो. आपल्या देशात अशा घटना घडलेल्या आहेत. या गोळ्या प्रशिक्षित माणसांनी गोदामात वापरायच्या आहेत, त्या स्वयंपाकघरात कधीही आणू नयेत. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची सवय फार घरांत आहे, माझ्या माहेरीही होती. तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुतो म्हणून काही होत नाही, असे समजले जाते, पण ती भुकटी चाळताना नाकात जाते, हाताला राहते आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडापर्यंत पोहोचू शकते. पाऱ्याच्या गोळ्यांचेही तसेच आहे. मुलाबाळांच्या अन्नात पारा ठेवू नये, एवढे म्हणायला मला कोणत्याही दाखल्याची गरज वाटत नाही. किड्यावर दया करताना आपण स्वतःवरही दया करत असतो.

आमच्या भागात सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे प्रसिद्ध होती. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे किडीवाचून राहत असे. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळशी पेवे बुडाली. पेवाचे तोंड बंद केले की आतल्या हवेतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि किडीला वाढायला वावच राहत नाही. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण माणसालाही तिथे श्वास घेता आला नसता. आजचे घट्ट झाकणाचे डबे आणि तीनपदरी हवाबंद पिशव्या त्याच तत्त्वावर चालतात. डबा काठोकाठ भरून ठेवला तर आत हवा कमी राहते, म्हणून अर्धा रिकामा मोठा डबा ठेवण्यापेक्षा भरलेले लहान डबे बरे. मात्र किडे असलेले धान्य तसेच कोंडू नये. आधी ऊन, चाळणी आणि सूप, मग डबा.

स्वयंपाकघराबाहेरच्या भुंगेऱ्यांबद्दल थोडे लिहिते. वळवाचा पाऊस पडून गेला की हुमणीचे भुंगेरे दिव्यावर झेपावतात आणि जमिनीवर उताणे पडतात. तेव्हा गॅलरीतला दिवा तासभर मालवला तर ते येतच नाहीत, आणि आलेल्यांना कागदाने सुलटे केले की उडून जातात. पावसाळ्यातच आणखी एक बारीक, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा लांबट भुंगेरा घरात येतो, ज्याला लोक चुकीने ॲसिड माशी म्हणतात. तो चावत नाही. परंतु अंगावर चिरडला तर त्याच्या शरीरातल्या द्रव्याने कातडी भाजल्यासारखी होते आणि फोड येतात. त्याला फुंकर घालून उडवावे, चापट मारू नये. बांबूच्या टोपल्यांतून पिवळसर भुगा पडत असेल तर तोही भुंगेऱ्यांचाच उद्योग असतो, कारण बांबूतले पिष्ट त्यांना हवे असते. म्हणून जाणते कारागीर बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात आणि मगच कामाला घेतात.

शेवटची गोष्ट दळणाची. गिरणीत डबा पाठवताना गहू पाखडले नाहीत तर त्यात असलेले सोंडे जात्याखाली जातात, आणि ते आपण पाहत नाही म्हणून घडत नाही असे नाही. आता मी दळणाच्या आदल्या दिवशी गहू सकाळच्या उन्हात ठेवते, संध्याकाळी पाखडते आणि रात्रभर गार होऊ देते. गेल्या शनिवारी सगळे झाल्यावर सुपाच्या कोपऱ्यात दोन सोंडे पाय आखडून पडलेले होते. मी सूप खिडकीत ठेवले आणि चहा टाकला. चहा गाळून परत आले, तेव्हा त्यांतला एक सुपाच्या काठावर पोहोचला होता आणि दुसरा त्याच्या मागून येत होता. दोघांनाही कागदावर घेऊन खालच्या पाचोळ्यात सोडले आणि दुसऱ्या दिवशी डबा गिरणीत दिला.